सभा, शेरेबाजी आणि प्रचाराच्या प्रथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक तोंडावर आली की सभांच्या क्लिप फिरायला लागतात. कुणीतरी मध्येच उठून ओरडतं, नेता गडबडतो किंवा भडकतो, आणि अख्ख्या भाषणातली तेवढीच वीस सेकंदं लोकांच्या लक्षात राहतात. त्यावरून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं निरनिराळ्या देशांतली आहेत, कारण माईक हातात असलेला आणि खालून ओरडणारा यांच्यातला सामना कुठेही गेलं तरी बराचसा सारखाच असतो.

सभेमुळे मतं फिरतात का? फिरत नसतील तर एवढा खटाटोप कशासाठी?

फार कमी फिरतात. दोन तास आधी येऊन जागा धरणाऱ्या माणसाचं मत बहुधा ठरलेलंच असतं. सभा भरते ती कार्यकर्त्यासाठी आणि कॅमेऱ्यासाठी. कार्यकर्त्याला उद्या दारोदार फिरायचं असतं, त्याला हुरूप लागतो. घरी बसलेल्या काठावरच्या मतदाराला भरलेलं मैदान दिसावं लागतं. शिवाय हल्ली सभेला येणाऱ्याचा मोबाईल नंबर नोंदवून घेतात. तो नंबर पुढे भाषणापेक्षा जास्त कामाला येतो.

गर्दी मात्र नेत्यालाही फसवते. ब्रिटनमध्ये १९९२ साली मतदानाला आठ दिवस राहिले असताना मजूर पक्षानं शेफील्डमध्ये सुमारे दहा हजार लोकांची झगमगीत सभा घेतली. पक्षनेते नील किनॉक हेलिकॉप्टरनं आले, व्यासपीठावर चढले आणि जल्लोषाच्या भरात एकच आरोळी पुन्हा पुन्हा ठोकत राहिले. जिंकण्याआधीच विजयसभा झाल्यासारखं ते चित्र दिसलं. त्याच निवडणुकीत पंतप्रधान जॉन मेजर एका लाकडी खोक्यावर उभे राहून हातातल्या भोंग्यावरून बोलत होते. लूटनमध्ये विरोधकांनी त्यांना घेरलं, रेटारेटी झाली, शेजारच्या माणसालाही धड ऐकू जाईना. सल्लागारांना हा प्रकार फारसा रुचला नव्हता. पण टीव्हीवर दिसला तो गोंगाटात उभा राहून बोलणारा माणूस. निवडणूक मेजर जिंकले. केवळ शेफील्डच्या सभेमुळे मजूर पक्ष हरला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, कारण जनमत चाचण्याच तेव्हा चुकल्या होत्या. पण त्या दोन दृश्यांपैकी कोणतं आपल्या उमेदवाराच्या वाट्याला यावं, हे प्रचारप्रमुखांनी अजून नीट शिकलेलं दिसत नाही.

पूर्वीच्या सभा जास्त सभ्य असायच्या ना?

अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये उमेदवारी उघड्यावर, लाकडी मंचावरून जाहीर व्हायची. मतदानही उघड असायचं. मंचावर कुजक्या भाज्या, अंडी, प्रसंगी मेलेली मांजरं येऊन पडत. ज्याला मत नव्हतं तोही तिथे येऊन ओरडू शकायचा, आणि बहुसंख्य लोकांना मत नव्हतंच. १८७२ च्या कायद्यानं गुप्त मतदान आणलं आणि ती जाहीर उमेदवारी बंद केली.

अमेरिकेत १८५८ साली अब्राहम लिंकन आणि सिनेटच्या जागेसाठीचे त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांचे इलिनॉयमध्ये सात वादविवाद झाले. पहिल्यानं एक तास बोलायचं, दुसऱ्यानं दीड तास, मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. आज ते शांत, विद्वत्तापूर्ण चर्चासत्र असावं असं आपल्याला वाटतं. पण वर्तमानपत्रांच्या लघुलेखकांनी टिपलेला मजकूर काढून पाहा : भाषणाच्या मधोमध कंसात हशा, टाळ्या, आणि ‘हाण अजून एक!’ अशा थाटाच्या आरोळ्या नोंदवलेल्या आहेत. श्रोते कुस्ती बघायला आल्यासारखे आले होते.

श्रोते आधीच निवडून बसवतात, हे खरं का?

बऱ्याच ठिकाणी खरं आहे, आणि हे काही टीव्हीच्या जमान्यातलं खूळ नाही. १८९६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन रेल्वेनं सुमारे १८ हजार मैल फिरले आणि शेकडो भाषणं ठोकली. प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवरून हललेच नाहीत. लोकच त्यांच्याकडे आले, सवलतीच्या रेल्वेभाड्यात. सुमारे साडेसात लाख माणसं येऊन गेली असं मानतात. खरी मेख पुढे आहे. येणाऱ्या शिष्टमंडळाचा म्होरक्या काय बोलणार, ते आधी मागवून घेतलं जायचं आणि तपासलं जायचं. उत्स्फूर्त दिसणारी भेट अशी आधीच बसवलेली असायची. निवडणूक मॅकिन्ली जिंकले.

आजची सभा त्याच ओसरीची मोठी आवृत्ती आहे. नावनोंदणी, प्रवेशपत्र, गळ्यात पट्टा, आणि वक्त्याच्या पाठीमागे कॅमेऱ्याच्या चौकटीत कोण दिसेल हे ठरवणारा एक स्वतंत्र माणूस. यात उमेदवाराचं एक नुकसान होतं, त्याकडे कुणी बघत नाही. प्रचारभर फक्त टाळ्याच ऐकल्या की विरोधाला तोंड देण्याचा सराव सुटतो. मग शेवटच्या आठवड्यात बाजारात कुणी दोन शब्द सुनावले की त्याची भंबेरी उडते.

मध्येच कुणी ओरडलं तर उमेदवारानं नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी हे ओळखायचं की आपलं उत्तर ओरडणाऱ्यासाठी नसतं. तो काही केल्या पटवून घेणार नाही. उत्तर असतं त्याच्या आजूबाजूच्या शंभर जणांसाठी, आणि आता कुणाच्या तरी फोनवर ते बघणाऱ्या लाखभर लोकांसाठी. त्या सगळ्यांना दिसतं ते एवढंच : एकाच्या हातात माईक आहे, व्यासपीठ आहे, बंदोबस्त आहे, दुसऱ्याकडे फक्त घसा. म्हणून बलवानानं दुबळ्यावर हात उगारल्यासारखं दिसलं की मुद्दा कितीही बरोबर असला तरी डाव फसला.

अनुभवी वक्ते साधारण असं करतात. पहिल्या आरोळीकडे दुर्लक्ष करतात, कारण निम्मे जण एकदा ओरडून मोकळे होतात. दुसऱ्या वेळी थांबतात. हे थांबणं महत्त्वाचं आहे. आवाज चढवून वरचढ होण्याच्या नादात घसाही जातो आणि रुबाबही. मग ओरडणारा काय म्हणतोय ते स्वतः माईकवरून सांगतात, कारण मागच्या रांगांना ते ऐकूच गेलेलं नसतं आणि पुढे काय गोंधळ चाललाय हे त्यांना कळत नसतं. त्यावर एक वाक्य, फार तर दोन. आणि लगेच भाषण जिथे तुटलं तिथून पुढे. तिसऱ्या, चौथ्या वाक्याला संवादाचं भांडण होतं, आणि भांडणात सभा ओरडणाऱ्याच्या ताब्यात जाते.

उलट काय करू नये, याचा नमुना जपानमध्ये मिळतो. १ जुलै २०१७ रोजी टोक्योतल्या अकिहाबारा स्टेशनसमोर पंतप्रधान शिंझो आबे बोलत होते. जमावातून त्यांच्या राजीनाम्याच्या घोषणा सुरू झाल्या. आबे चिडले आणि त्या दिशेला बोट दाखवून म्हणाले, अशा लोकांपुढे आम्ही हार मानून चालणार नाही. ‘अशा लोकांपुढे’ हे शब्द दिवसभर टीव्हीवर वाजत राहिले. घोषणा देणारेही मतदार होते, देशाचे नागरिक होते. दुसऱ्याच दिवशी टोक्यो महानगर विधानसभेचं मतदान होतं. आबेंचा पक्ष ५७ जागांवरून २३ वर आला. पक्षाला आधीच काही प्रकरणं भोवत होती, त्यामुळे सगळं खापर एका वाक्यावर फोडता येणार नाही. पण त्या पराभवाची आठवण निघाली की आजही पहिल्यांदा तेच वाक्य निघतं.

ती हजरजबाबी उत्तरं खरंच जागच्या जागी सुचतात का?

काही सुचतात. बरीचशी खिशात असतात.

अठराव्या शतकातले ब्रिटिश राजकारणी जॉन विल्क्स यांच्या नावावर एक किस्सा सांगितला जातो. एक मतदार म्हणाला, ‘तुम्हाला मत देण्यापेक्षा मी सैतानाला देईन.’ विल्क्स म्हणाले, ‘आणि तुमचे ते मित्र उभे राहिले नाहीत तर?’ ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांचाही असाच : एक बाई ओरडल्या की तुम्ही देवदूत गॅब्रिएल असतात तरी मी मत दिलं नसतं, तर हे म्हणाले, मी गॅब्रिएल असतो तर बाई, तुम्ही माझ्या मतदारसंघातच नसतात. असे किस्से एका नेत्याकडून दुसऱ्याकडे सरकत राहतात, त्यामुळे कोण नक्की काय म्हणालं यावर पैज लावू नये.

तयारीचं म्हणाल तर ती सोपी आहे. प्रत्येक प्रचारात पाच-सहा ठरावीक आरोळ्या असतात : तो जुना घोटाळा, ते न पाळलेलं आश्वासन, पक्षांतर. त्यांची उत्तरं आधी घोकून ठेवायची आणि आत्ताच सुचल्यासारखी द्यायची. एकच पथ्य आहे. विनोद ओरडणाऱ्याच्या मुद्द्यावर करावा. त्याच्या कपड्यांवर, उच्चारांवर, गावावर किंवा शिक्षणावर करू नये. टाळ्या मिळतात, आणि त्याच भाषेत बोलणारे चार हजार लोक कायमचे दुरावतात.

आणि आपलेच समर्थक ओरडणाऱ्याच्या अंगावर धावून गेले तर?

उमेदवाराची खरी परीक्षा हीच आहे, आणि बहुतेक जण इथे नापास होतात. कारण अंगावर जाणारी माणसं त्याच्याच नावानं घोषणा देत असतात.

४ नोव्हेंबर २०१६ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलमध्ये बराक ओबामा हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारासाठी बोलत होते. लष्करी गणवेशासारखे कपडे घातलेले एक वयस्कर गृहस्थ ट्रम्प यांचा फलक उंचावून समोर उभे राहिले. सगळं सभागृह त्यांच्यावर तुटून पडलं. ओबामांनी भाषण सोडलं आणि आपल्याच लोकांना थांबा, खाली बसा, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. कुणी ऐकेना. अखेर शांतता झाल्यावर एकेक कारण मोजून दिलं : आपल्याकडे बोलायचं स्वातंत्र्य आहे, हे गृहस्थ लष्करात होते असं दिसतंय, त्याचा मान राखा, ते वयानं मोठे आहेत, त्याचाही राखा, आणि हुर्यो करू नका, मत द्या. नंतर ट्रम्प यांनी आपल्या सभेत याचं वर्णन ‘ओबामा त्या माणसावर ओरडले’ असं केलं. चित्रफीत होती, त्यामुळे ज्याला बघायचं होतं त्याला खरं काय ते दिसलं.

त्याहून अवघड प्रसंग ओबामांविरुद्ध अध्यक्षपदासाठी लढणाऱ्या जॉन मॅकेन यांच्यावर ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटात आला. तिथे विरोधक कुणीच नव्हता. त्यांच्याच एका समर्थक बाई माईकवर म्हणाल्या की ओबामांवर आपला विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेननी मान हलवली, माईक काढून घेतला आणि सांगितलं की नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी फक्त मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत. त्याच सभेत ओबामांची धास्ती बाळगायचं कारण नाही असं म्हटल्याबद्दल त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. निवडणूक मॅकेन हरले. पण त्यांच्या कारकिर्दीतल्या एवढ्या भाषणांमधली हीच काही सेकंदं लोक अजून काढून बघतात.

ओरडणाऱ्याला सरळ बाहेर काढलं तर बिघडलं कुठे?

सभा उधळली जात असेल तर काढावंच लागतं. पण एका शब्दासाठी काढलं तर दुसऱ्या दिवशीची बातमी तीच होते. २००५ मध्ये ब्रायटनला मजूर पक्षाच्या अधिवेशनात परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ इराकबद्दल बोलत असताना ८२ वर्षांचे एक जुने सदस्य ‘निव्वळ बकवास’ अशा अर्थाचं काहीतरी ओरडले. स्वयंसेवकांनी त्यांना खुर्चीतून उचलून बाहेर नेलं. पुन्हा आत येऊ लागले तर पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याच्या अधिकारात त्यांना अडवलं. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना माफी मागावी लागली, आणि पुढच्या वर्षी पक्षसदस्यांनी त्याच आजोबांना पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून दिलं.

जपानमध्ये तर प्रकरण कोर्टात गेलं. जुलै २०१९ मध्ये साप्पोरोत आबेंच्या सभेत ‘आबे, चालते व्हा’ असं ओरडणाऱ्या एका पुरुषाला आणि करवाढीला विरोध करणाऱ्या एका तरुणीला पोलिसांनी धरून लांब नेलं. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयानं दोघांच्या बाजूनं निकाल देऊन नुकसानभरपाई द्यायला लावली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं पुरुषाच्या बाबतीत निकाल फिरवला, तरुणीच्या बाबतीत कायम ठेवला.

काढायचंच असेल तर व्यासपीठावरून हुकूम सोडू नये. साध्या कपड्यांतल्या वयस्कर स्वयंसेवकानं जवळ जाऊन, खांद्यावर हात न ठेवता, बाहेर चला, तुमचं म्हणणं लिहून घेतो, असं म्हणावं. बऱ्याच वेळा एवढ्यानं भागतं.

कायदा काय म्हणतो?

देशोदेशी वेगळं. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधल्या कलम १२७ प्रमाणे निवडणूक काळात राजकीय सभेचं कामकाज बंद पाडण्यासाठी गोंधळ घालणं किंवा घालायला लावणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदर्श आचारसंहिता आणखी पुढे जाते : एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्याच्या सभेत तोंडी किंवा लेखी प्रश्न विचारून किंवा आपली पत्रकं वाटून व्यत्यय आणू नये. प्रश्नसुद्धा व्यत्ययाच्या यादीत आला, याची अनेकांना कल्पना नसते. पण हा नियम पक्षांच्या कार्यकर्त्यांसाठी आणि सहानुभूतीदारांसाठी आहे; कुठल्याच पक्षाचा नसलेल्या मतदाराचं तोंड त्यानं बंद होत नाही.

ब्रिटनमध्ये १९०८ चा सार्वजनिक सभा कायदा आहे, त्यामागची गोष्ट पुढच्या उत्तरात येईल. अमेरिकेत भाड्यानं घेतलेल्या सभागृहातून कुणालाही जायला सांगायचा हक्क आयोजकांना असतो. मार्च २०१६ मध्ये लुईव्हिलच्या सभेत ट्रम्प यांनी ‘यांना बाहेर काढा’ असं फर्मावलं आणि निदर्शकांना धक्काबुक्की झाली. ते निदर्शक कोर्टात गेले. २०१८ मध्ये अपील न्यायालयानं याला हिंसेची चिथावणी म्हणता येणार नाही असं ठरवलं. ट्रम्प यांनी त्याच वेळी ‘त्यांना इजा करू नका’ असंही म्हटलं होतं, ते त्यांच्या कामी आलं.

फ्रान्सचा किस्सा सगळ्यात मजेशीर आहे. २००८ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात हस्तांदोलन करत चाललेल्या अध्यक्ष निकोला सार्कोझींना एकानं ‘हात लावू नका’ म्हणून झिडकारलं. सार्कोझी हसू न मोडता ‘मग फूट इथून’ म्हणाले आणि वर एक शिवीही हासडली. काही महिन्यांनी एका निदर्शकानं सार्कोझींचा ताफा जाताना तेच शब्द फलकावर लिहून धरले, तर त्याला अध्यक्षांच्या अवमानाबद्दल ३० युरोंचा निलंबित दंड झाला. २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला. स्वतः अध्यक्षांनी उच्चारलेली शिवी त्यांनाच दाखवणं गुन्हा कसा, हा प्रश्न रास्तच होता.

सगळे ओरडणारे भाडोत्री असतात ना?

असं मानणं नेत्यांना सोयीचं जातं. काही असतातच. प्रतिस्पर्ध्यानं पाठवलेला माणूस बहुधा ओळखू येतो : तो ओरडताना वक्त्याकडे कमी आणि आपल्या चित्रीकरण करणाऱ्या साथीदाराकडे जास्त बघतो. पण ज्याचा अर्ज तीन वर्षं अडकलाय, ज्याचा मुलगा बेकार आहे, तो माणूसही तसाच ओरडतो, आणि त्याला भाडोत्री म्हणणं हा त्याचा दुसऱ्यांदा केलेला अपमान असतो.

ज्यांना मतच नव्हतं, त्यांच्यासाठी तर आरोळी हेच हत्यार होतं. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये उदारमतवादी पक्षाच्या सभेत स्त्रीमताधिकार चळवळीतल्या ॲनी केनी आणि क्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांनी पक्षाचे नेते सर एडवर्ड ग्रे यांना विचारलं की तुमचं सरकार आलं तर स्त्रियांना मताधिकार देणार का? उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, फलक उलगडला. त्यांना बाहेर फेकण्यात आलं. बाहेर क्रिस्टाबेल पोलिसावर थुंकल्या, अटक व्हावी म्हणूनच. दंड भरायला नकार देऊन दोघी तुरुंगात गेल्या, आणि जी बातमी एरवी आली नसती ती देशभर छापून आली. त्यानंतर सभा अशा अडवणं हा त्या चळवळीचा शिरस्ता झाला, पक्षानं सभांमध्ये स्त्रियांना मज्जाव सुरू केला, आणि १९०८ चा तो कायदा याच उपद्रवावर तोडगा म्हणून आला. कायद्यानं प्रश्न काही थांबला नाही. १९१८ मध्ये तिशीपुढच्या काही स्त्रियांना मत मिळालं, १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीनं.

अंडी, मिल्कशेक, शाई फेकली तर?

पुसायचं आणि पुढे चालायचं. १६ मे २००१ ला, पक्षाचा जाहीरनामा निघाला त्याच दिवशी, ब्रिटनचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांना वेल्समधल्या ऱ्हिल इथे एकानं जवळून अंडं मारलं. प्रेस्कॉटनी वळून डाव्या हाताचा ठोसा लगावला. जाहीरनामा गेला बाजूला, देशभर ठोसाच दिसला. ब्लेअर यांनी ‘जॉन म्हणजे जॉन’ एवढंच म्हणून विषय संपवला आणि लोकांनी हसून सोडून दिलं. प्रत्येकाला हे पचेल असं समजू नये.

२०१९ मध्ये ब्रिटनमध्ये मिल्कशेकची साथ आली. न्यूकॅसलमध्ये ब्रेक्झिटवादी नेते नायजेल फराज यांचा सूट त्यात भिजला, आणि एडिनबरामध्ये सभेजवळच्या एका दुकानाला पोलिसांच्या सांगण्यावरून त्या संध्याकाळी मिल्कशेक विकता आलं नाही. फेकणाऱ्यांना ही गंमत वाटते. पण हवेतून काय येतंय हे अंगरक्षकाला त्या क्षणी कळत नसतं.

म्हणजे गर्दीत मिसळणं आता धोक्याचंच?

आधीही होतंच. १९१२ मध्ये मिलवॉकीत थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत गोळी लागली. खिशातल्या भाषणाच्या जाड गठ्ठ्यानं आणि चष्म्याच्या डबीनं तिचा वेग कमी केला, आणि ते तसेच जाऊन सुमारे दीड तास बोलले. सगळे इतके नशीबवान नसतात. राजीव गांधी यांची २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूरला प्रचारसभेच्या ठिकाणीच हत्या झाली. आबे ८ जुलै २०२२ ला नारा शहरात रस्त्यावर भाषण करताना मागून झालेल्या गोळीबारात गेले. १३ जुलै २०२४ ला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरमध्ये सभेच्या कड्याबाहेरच्या छपरावरून ट्रम्प यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात श्रोत्यांपैकी एकाचा जीव गेला. या कारणानं सुरक्षा वाढवली तर कुणी हरकत घेऊ नये. हरकत आहे ती सुरक्षेच्या नावाखाली प्रश्न विचारणाऱ्यांना दूर ठेवण्याला.

बोलण्यापेक्षा माईकनं घात केला, असं होतं का?

होतं. २८ एप्रिल २०१० ला रॉचडेलमध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना एका वयस्कर मतदार बाईंनी रस्त्यात गाठून कर्ज, पेन्शन, स्थलांतर अशा विषयांवर छेडलं. ब्राऊन हसून, नीट बोलले. गाडीत बसल्यावर मात्र सहायकाला म्हणाले की ही भेट भयंकर झाली, ती बाई कोत्या मनाची आहे. कोटाला लावलेला वाहिनीचा माईक चालूच होता. थोड्या वेळानं रेडिओ स्टुडिओत तेच त्यांना ऐकवलं गेलं, तेव्हा कपाळाला हात लावून बसलेले ब्राऊन कॅमेऱ्यानं टिपले. मग बाईंच्या घरी जाऊन माफी.

हॉवर्ड डीन यांच्यावर मात्र अन्याय झाला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी ते लढत होते. जानेवारी २००४ मध्ये आयोवा राज्यातल्या पक्षांतर्गत मतदानात तिसरे आल्यावर कार्यकर्त्यांना चेव आणण्यासाठी त्यांनी राज्यांची नावं घेत शेवटी एक किंकाळी फोडली. त्या सभागृहात इतका गलका होता की अनेकांना ती ऐकूही गेली नाही. पण हातातला माईक फक्त जवळचा आवाज घेणारा होता. टीव्हीवर गर्दी गायब झाली आणि एकटाच माणूस वेड्यासारखा ओरडताना ऐकू आला.

प्रचारातल्या विचित्र प्रथा का टिकून राहतात?

काही कायद्यातून येतात. जपानमध्ये उमेदवाराची गाडी दिवसभर नुसतं नाव घोकत फिरते, लोक वैतागतात. पण चालत्या गाडीतून भाषण करायला तिथे बंदी आहे, नाव पुकारायला मुभा आहे, आणि घरोघरी प्रचार १९२५ पासून बंद आहे. मग उरतं काय? पांढरे हातमोजे घालून हात हलवणं आणि नाव. दारुमा नावाच्या शुभ मानल्या जाणाऱ्या बाहुलीचा एक डोळा सुरुवातीला रंगवतात, दुसरा जिंकल्यावर. ती मात्र निव्वळ हौस.

काही प्रथा नेत्याला थोडं खाली उतरवतात, आणि माझ्या मते त्याच जपण्यासारख्या आहेत. ब्रिटनमध्ये निकाल जाहीर होताना सगळे उमेदवार एकाच मंचावर उभे राहतात. ५०० पौंड अनामत आणि दहा मतदारांच्या सह्या दिल्या की जवळपास कुणालाही उभं राहता येतं, त्यामुळे २०१७ मध्ये मेडनहेडला पंतप्रधान थेरेसा मे यांच्याबरोबर डोक्यावर काळी बादली घातलेला ‘लॉर्ड बकेटहेड’ त्याच मंचावर उभा होता. न्यूयॉर्कमधल्या अल स्मिथ स्मृतिभोजनात अध्यक्षपदाचे प्रतिस्पर्धी शेजारी बसून एकमेकांची आणि स्वतःची टिंगल करतात; १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन बसले होते. आयोवाच्या जत्रेत उमेदवारानं उघड्यावर उभं राहून बोलायचं असतं. तिथेच २०११ मध्ये करवाढीवरून ओरडणाऱ्यांना रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी मागणारे मिट रॉम्नी म्हणाले, ‘कंपन्या म्हणजे माणसंच आहेत, मित्रा.’ युक्तिवाद म्हणून त्यात काही अर्थ होता. पण विरोधकांनी पुढचं वर्षभर ते वाक्य वापरलं.

प्रचार थांबल्यावर काय करता येतं?

भारतात मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर सभा, मिरवणुका बंद. फ्रान्समध्ये शुक्रवारी मध्यरात्री तोफा थंडावतात, मतदान रविवारी. अमेरिकेत असा शांतता काळ नाही; राज्याच्या कायद्याप्रमाणे मतदान केंद्रापासून ठरावीक अंतर राखलं की झालं.

मला सभेत प्रश्न विचारायचा आहे. हुल्लडबाज ठरू नये म्हणून काय करू?

मोठ्या सभेचा नाद सोडा. तिथे तुमचा आवाज पोहोचणार नाही, पोहोचला तर प्रश्न ऐकू जाणार नाही. छोटी बैठक, पदयात्रा, बाजारातला फेरा गाठा. उमेदवाराच्या येण्याच्या वाटेपेक्षा जाण्याच्या वाटेवर थांबा. येताना तो घाईत आणि भाषणाच्या विचारात असतो. प्रश्न एका दमात बोलून होईल एवढा ठेवा, त्यात एक आकडा किंवा तारीख घाला. ‘विकास का नाही?’ याला उत्तर सोपं आहे. ‘अमुक तारखेला तुम्ही पुलाची घोषणा केली, त्याची निविदा निघाली का?’ याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. आवाज खालचा ठेवा. सोबतचा माणूस चित्रीकरण करत असेल तर त्यानं फोन लपवू नये, लपवला की संशय येतो. आणि ‘बघतो, पाठवून द्या’ असं उत्तर आलं तर कुणाकडे, कोणत्या नंबरवर, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. शेजारी उभा असलेला सहायक नंबर देतो की दुसरीकडे बघतो, तेवढ्यावरून बरंच कळतं.